पुसलेला पांढरा पट्टा

"घर! घर! घर!"

छापखान्यासमोरच्या लाल हायड्रंटवर दोन्ही हात आपटून भोंगा असा काही ओरडला, की समोरच्या गॅलरीत पेपर वाचणारे आजोबा दचकून उभेच राहिले.

"कसलं घर? बाद!" मागून धापा टाकत आलेली धाकधूक म्हणाली. "हा फुसका आहे. फुसक्याला हात लावणारा बाद. चल, राज्य घे!"

"फुसका? मग पांढरा पट्टा कुठाय? दाखव ना! दाखव, दाखव!"

धाकधूकने बोट पुढे केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. पट्टा नव्हता!

"काल होता," टिपकागद पळत येऊन म्हणाली. "मानेच्या खाली, चार बोटं रुंद. एका बाजूला रंगाचा ओघळ आलेला. काल मी इथेच टेकून बुटाची नाडी बांधली."

टिपकागद म्हणाली म्हणजे होताच. एकदा पाहिलेलं, ऐकलेलं सगळं ती शाईसारखं टिपून घ्यायची, म्हणून तर तिचं हे नाव पडलं होतं. भोंग्याचं नाव कशावरून पडलं, ते गॅलरीतल्या आजोबांना विचारा. आणि धाकधूक? ती बारा वर्षांची होती, या टोळीत सगळ्यांत मोठी, आणि सगळ्यांत घाबरट. गॅस बंद केला ना? दाराला कडी घातली ना? जिन्यात कुणी सायकल तर नाही ना ठेवली? दिवसभर तिच्या जिवाला घोर.

"ई! ओला आहे!" भोंग्याने तळवे वर केले. लालभडक! आणि ते त्याने आधीच विजारीला पुसले होते. "आता आई मला रंगवणार!"

टिपकागद खो खो हसली. धाकधूक हसली नाही.

तिघंही राहायची अग्निशमन केंद्राच्या मागच्या चाळवजा वसाहतीत. भोंग्याचे बाबा बंबाचा पंप चालवायचे. टिपकागदची मावशी नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. आणि धाकधूकची आई जवान होती. जाड कोट, शिरस्त्राण आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन धुरात शिरणारी. त्यामुळे रस्त्यांच्या कडेला उभे असलेले कमरेएवढे लोखंडी हायड्रंट कशासाठी असतात, हे या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. बंबाच्या पोटात पाणी असतं, पण ते काही मिनिटांतच संपतं. तोवर हायड्रंटला नळी जोडून जमिनीखालच्या मोठ्या पाइपातलं पाणी घ्यायचं. आणि ज्या हायड्रंटची खालची झडप बिघडली असेल, त्याच्या मानेवर पांढरा पट्टा मारायचा. पट्टा म्हणजे, 'इथे पाणी नाही, वेळ घालवू नका, पुढे जा.'

मुलांनी त्याचाच खेळ केला होता. लाल म्हणजे घर, पट्टेवाला म्हणजे फुसका.

"झडप दुरुस्त झाली असेल," टिपकागद म्हणाली.

"मग रस्ता खणला असता. कुठे खणलाय?" धाकधूकने खाली बघितलं. डांबराला साधी चीरही नव्हती. "चला, बाकीचे फुसके बघू. पळा!"

दवाखान्याजवळचा फुसका लालचुटुक. शाळेच्या मागचा फुसका, तोही लाल. आणि बागेच्या फाटकापाशी तर दोन रंगारी प्रत्यक्ष कामावर! एक जण पत्र्याच्या पट्टीने पांढरा रंग खरवडत होता, दुसरा ब्रश डब्यात बुडवून तयार.

"काका, थांबा! तो पट्टा काढू नका!"

"का गं बाई? तुझा आहे का?" रंगारी हसला.

"त्यात पाणी नाहीये! ती खूण आहे!"

"खूण? आम्हाला वाटलं, कुणीतरी उरलेला रंग फासलाय. धाकट्या साहेबांचा हुकूम आहे. आज चारला दलप्रमुख येणार तपासणीला. सगळे कसे एकसारखे दिसले पाहिजेत, नवीन नवरीसारखे! चल, आता हो बाजूला, कपड्यांना लागेल."

"मला लागलाच आहे," भोंगा मागचा भाग दाखवत म्हणाला.

बघता बघता चौथा फुसकाही लाल झाला.

*

धाकटे साहेब म्हणजे केंद्रातले दुसऱ्या नंबरचे अधिकारी. मोठे साहेब रजेवर होते, त्यामुळे आठवडाभर सगळा कारभार यांच्याकडे. ते बंबघरासमोर उभे राहून पितळी घंटेत स्वतःचा चेहरा बघत होते. मिशी ठीक होती.

"सर, रंगवाल्यांनी पांढरे पट्टे पुसले!" धाकधूक एका दमात म्हणाली.

"पुसणारच. किती गबाळे दिसत होते!"

"पण आग लागली तर कळणार कसं, कुठला चालू आणि कुठला बंद ते?"

"अगं, आपल्या माणसांना गल्ली न् गल्ली पाठ आहे. तपासणी झाली की मी परत मारून घेतो पट्टे. एका दिवसात काय आभाळ कोसळतंय? आणि हे बघा, कामावरच्या माणसांना जाऊन सांगत बसायचं नाही. सुट्टी आहे ना? मग खेळा!"

बंबघराच्या दारात जमिनीवर पिवळी रेघ होती. पलीकडे कामाची जागा. रेघ ओलांडायची नाही, कामावरच्या आईबाबांना हाक मारायची नाही, हा वसाहतीतला पहिला नियम. पलीकडे धाकधूकची आई नळ्यांच्या गुंडाळ्या करत होती. धाकधूकने हात हलवला. आईने नेहमीसारखी दोन बोटं कपाळाला लावली, म्हणजे 'नंतर गं, राणी' आणि ती पुन्हा कामाला लागली.

सांगावं का ओरडून? धाकधूकचे ओठ हललेही. पण साहेब तिथेच उभे होते. ती मागे फिरली आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्या मागे फिरण्याची रुखरुख लागून राहिली.

"पट्टे आपणच मारू," भोंगा म्हणाला.

"रंग कुठाय?"

"रंग कशाला? कापड बांधू!"

धाकधूकने घरातून जुना अभ्रा आणला. पांढराशुभ्र, फक्त कडेला निळ्या बदकांची रांग. तो फाडून चार पट्ट्या झाल्या. टिपकागदने न अडखळता चारही फुसके दाखवले आणि ओल्या रंगाला चिकटवून तिघांनी प्रत्येकाच्या मानेवर एकेक पट्टी घट्ट बांधली.

"गळपट्टा घातल्यासारखा दिसतोय. सर्दी झालीय बिचाऱ्याला," भोंगा म्हणाला.

धाकधूकला जरासं हायसं वाटलं. जरासंच.

*

दुपारी घंटा घणघणली.

नदीपलीकडच्या लाकडाच्या वखारीला मोठी आग! बंबघराची दारं उघडली. जवान खांबावरून सर्रकन खाली आले, तयार ठेवलेल्या बुटांत शिरले, आणि भोंग्याच्या बाबांचा बंब आणि शिडीची गाडी सायरन वाजवत निघूनही गेले. धाकधूकची आई मात्र गेली नाही.

"तुझी आई का राहिली?" टिपकागदने विचारलं.

"आपले बंब गेले की शेजारच्या केंद्राचा बंब इथे येऊन उभा राहतो ना, शहराचा कुठलाच भाग उघडा पडू नये म्हणून. त्यांना इथल्या गल्ल्या माहीत नसतात. म्हणून वाट दाखवायला एक जण मागे..."

धाकधूक बोलता बोलता थांबली.

"बाहेरचा बंब! त्यांना आपले हायड्रंट पाठ नाहीत. ते फक्त पट्टा बघणार!"

"मग आहेत की आपले पट्टे," भोंगा म्हणाला.

"चल, बघून येऊ."

बागेपाशी पट्टी नव्हती. शाळेमागेही नव्हती. छापखान्यासमोर पोहोचले, तर तिथेही नव्हती. गॅलरीतले आजोबा म्हणाले, "ते मिशीवाले साहेब आले होते. कुणी या चिंध्या बांधल्या म्हणून ओरडले आणि सगळ्या ओढून खिशात कोंबल्या. तुमच्या होत्या का?"

आजोबांचं बोलणं पुरं व्हायच्या आत समोरून खळकन काच फुटल्याचा आवाज आला. छापखान्याच्या वरच्या खिडकीतून काळाकुट्ट धूर बाहेर पडला. आत कागदाचे गठ्ठे, शाईचे डबे, पेटायला आणखी काय हवं! कामगार ठेचकाळत, खोकत बाहेर पळत आले.

"पुस्तकबांधणीतल्या मावशी वर राहिल्या! मावशी वरच आहेत!" कुणीतरी किंचाळलं.

"मागे! दोघंही मागे!" धाकधूकने दोघांचे दंड धरून त्यांना पार वळणापर्यंत ओढत नेलं. "टिपकागद, नियंत्रण कक्षात तुझ्या मावशीकडे पळ! वायरलेसवर सांगायला सांग, छापखान्यासमोरचा बंद आहे!"

टिपकागद बाणासारखी सुटली.

नियंत्रण कक्षात तिच्या मावशीच्या एका कानाला वखारीची आग होती, दुसऱ्या कानाला छापखान्याची. तिने भाचीचं ऐकलं मात्र पूर्ण. लगेच वायरलेसवर बोललीही. पण तोवर पाहुणा बंब छापखान्याशी पोहोचला होता, गाडीतली माणसं खाली उतरली होती आणि रिकाम्या गाडीत तो आवाज एकटाच खरखरत होता.

*

वळणावरून धाकधूकला सगळं दिसत होतं. दिसत नसतं तर बरं झालं असतं.

आईने एका अनोळखी जवानाबरोबर मुखवटा चढवला. आत एकट्याने कधीच जायचं नाही, जोडीनेच. आपल्या नावाचा बिल्ला काढून तिने दारात उभ्या असलेल्या, पाहुण्या बंबावरच्या हवालदाराकडे दिला. त्याने तो फळीवर अडकवला. जितके बिल्ले फळीवर, तितकी माणसं आत. आई बाहेर आली की तो बिल्ला परत घेईल. मग नळी खांद्यावर टाकून दोघं धुरात शिरली आणि धुराने त्यांच्यामागे दार लावून घेतल्यासारखं केलं.

फळीवर दोन बिल्ले लोंबत होते.

बंबाचा पंप घरघरत होता. आईच्या हातातल्या नळीला बंबाच्या टाकीतलं पाणी जात होतं. टाकीच्या बाजूला काचेची उभी नळी असते, आत किती पाणी उरलं ते दाखवणारी. त्यातली पाण्याची रेघ खाली खाली सरकत होती.

पाहुणा पंपवाला उंचापुरा, रुंद खांद्यांचा. त्याने झरझर दुसरी नळी त्या लाल हायड्रंटला जोडली, चावी लावली आणि फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही!

"गंजलीय," तो चरफडला आणि सगळा जोर लावून फिरवत राहिला. नवा कोरा लाल रंग डोळ्यांसमोर चमकत होता; हा बंद असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. पट्टा पुसल्याचं आईला माहीतच नव्हतं, म्हणून आत जाताना तीही काही बोलली नव्हती.

"फुसका आहे तो! फुसकाऽऽ!" भोंगा बेंबीच्या देठापासून ओरडला.

"ए पोरांनो, मागे व्हा!" बघ्यांना आवरणारा जवान गरजला.

काचेतली रेघ आणखी खाली गेली.

धाकधूकला रडायचं होतं. घरी पळून जाऊन पांघरुणात शिरायचं होतं. टाकी रिकामी झाली की आईच्या हातातली नळी लुळी पडणार. समोर आग, मागे धूर, हातात पाणी नाही...

'घाबरलीस तरी चालेल,' आई नेहमी सांगायची. 'पण घाबरून गोंधळ करायचा नाही. काय झालं, कुठे झालं, काय हवंय, एवढंच बोलायचं.'

"भोंग्या, तू इथेच थांब. या चालू हायड्रंटला धरून. मी हात वर केला की ओरड. थांबू नकोस!"

बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून वाकून ती पुढे गेली. मुलांनी आगीच्या जवळ जायचं नसतं. तिला ते कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ती बंबापर्यंतच गेली, एक पाऊलही पुढे नाही, आणि तिने पंपवाल्याची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काका, हा हायड्रंट बंद आहे. पट्टा आज सकाळी रंगात पुसला. चालू हायड्रंट वळणावर, पिवळ्या भिंतीला लागून. आणखी एक नळी जोडावी लागेल."

पंपवाल्याने वळून पाहिलं. "कोण गं तू?"

"आत गेलीय ती माझी आई."

त्याने हायड्रंटच्या मानेवरून अंगठा घासला. ओल्या लालखाली पांढरं दिसलं! त्याचा चेहराच बदलला.

"वळण कुठल्या बाजूला?"

धाकधूकने हात वर केला.

"इकडेऽऽऽ! इकडे! इकडे! इकडेऽऽऽ!"

पंपाच्या घरघरीवरून, लोकांच्या गलक्यावरून, धुरावरून तो आवाज आला. आयुष्यभर ज्या आवाजासाठी भोंग्याने बोलणी खाल्ली, तोच! पंपवाला आणि दुसरा एक जवान नळीची गुंडाळी घेऊन त्या आवाजाच्या रोखाने पळाले.

तेवढ्यात दारातून आत गेलेली नळी एकदम ढिली पडली. सापाने अंग सोडून द्यावं तशी. टाकी संपली होती.

दारातला हवालदार वायरलेसवर ओरडू लागला, "बाहेर या! पाणी गेलंय, बाहेर या!" उत्तर आलं नाही. धाकधूकने बंबाचा दांडा पकडला. तिची नजर बिल्ल्यांवरून हटेना. वाऱ्याने ते हलत होते, एकमेकांवर आपटत होते. टिक्. टिक्.

आणि वळणावरून भोंग्याची आरोळी आली, "आऽऽलं!"

रस्त्यावर चपटी पडलेली नळी वळणाकडून फुगत आली. फुगा सरकत सरकत बंबापर्यंत पोहोचला, पंपाचा सूर बदलला आणि दारातली ढिली नळी ताठ झाली, उसळली, आत ओढली गेली. कुणीतरी ती आतून धरली होती! कुणीतरी धरली होती!

त्यानंतरचा वेळ किती गेला, धाकधूकला कधीच सांगता आलं नाही. धुराचा रंग काळ्याचा करडा झाला, करड्याचा पांढरा. मग दारात दोन आकृत्या दिसल्या. नाही, तीन! मधल्या मावशींच्या चेहऱ्यावर ओला टॉवेल होता, पण त्या आपल्या पायांनी चालत होत्या.

हवालदाराने फळीवरचा एक बिल्ला काढून परत दिला. मग दुसरा.

*

चारच्या तपासणीसाठी निघालेले दलप्रमुख थेट छापखान्यापाशीच येऊन उतरले. पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी पंपवाल्याचं ऐकलं, हायड्रंटवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पट्टा कुणी पुसला?"

"रंगवाल्यांनी, साहेब!" धावतपळत आलेले धाकटे साहेब म्हणाले. "अडाणी माणसं! मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी लगेच..."

"आम्ही सांगितलं होतं," एव्हाना परत आलेली टिपकागद म्हणाली. आणि तिने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "'पुसणारच. किती गबाळे दिसत होते! एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?'" मिशीवरून हात फिरवण्यासकट!

"काहीतरीच! पोरं आहेत, साहेब, कल्पना लढवतात."

दलप्रमुख साहेबांच्या पँटकडे टक लावून बघत होते. "खिशातून काय लोंबतंय ते?"

सगळ्यांनी पाहिलं. खिशातून पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं आणि त्यावर एक निळं बदक ऐटीत उभं होतं.

"ते माझ्या उशीचं आहे," धाकधूक हळूच म्हणाली.

कुणी हसलं नाही. भोंगासुद्धा. दलप्रमुखांनी ती पट्टी ओढून काढली, नीट घडी केली आणि धाकट्या साहेबांना म्हणाले, "तुमच्याशी मी ऑफिसात बोलेन. रंग बघायला नाही, पाणी बघायला येतो मी तपासणीला." मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही! दोरीच्या आत यायचं नसतं, माहीत आहे?"

"हो," धाकधूक म्हणाली.

"पुन्हा येऊ नका. आज आलात, म्हणून आत गेलेली सगळी माणसं बाहेर आहेत. हे मी विसरणार नाही, आणि हे शहरही विसरणार नाही, याची व्यवस्था मी करेन. भीती नाही वाटली?"

"खूप वाटली. अजून वाटतेय."

"छान. न घाबरणाऱ्या माणसाला आम्ही दलात घेत नाही. तो कड्या तपासत नाही, खुणा बघत नाही आणि दुसऱ्याचा जीव घालवतो." त्यांनी पंपवाल्याला खूण केली. "उद्या सकाळी शहरातला एकेक हायड्रंट पाणी सोडून तपासायचा. पट्टे या तिघांच्या हातून मारून घ्या. आणि यापुढे ब्रशला हात लावायच्या आधी पंपवाल्याची परवानगी!"

"पांढरा रंग ना?" भोंग्याने विजारीकडे बघितलं. "मग पुढच्या बाजूला लावतो. मागे लाल आहेच!"

आता मात्र सगळे हसले. पाहुण्या पंपवाल्याने भोंग्याच्या पाठीत अशी थाप मारली, की तो दोन पावलं पुढे गेला.

आई बंबाच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. चेहरा काजळीने माखलेला, केस घामाने चिकटलेले. तिने धाकधूककडे पाहिलं आणि दोन बोटं कपाळाकडे नेली. पण या वेळी ती कपाळाला लावली नाहीत. हात तसाच पुढे पसरला.

धाकधूक पळत सुटली आणि तिने दोन्ही हात आईच्या काळ्या, ओल्या कोटावर आपटले.

"घर!"

भोंग्याने तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं.